घरच्या मत्स्यालयातील घोडामासा : निगा आणि प्रजनन

घोड्यासारखे तोंड, वेटोळे घालणारी शेपटी आणि नराच्या पोटावरील पिशवी यांमुळे घोडामासा पाहताक्षणी मोहात पाडतो. हिप्पोकॅम्पस प्रजातीतील या माशाला दात नाहीत आणि जठरही नाही. गिळलेले अन्न आतड्यातून झपाट्याने पुढे सरकते. त्यामुळे त्याला दिवसातून अनेकदा खावे लागते. त्यात तो पोहण्यातही मंद. या दोन उणिवा ध्यानात घेतल्या, की त्याच्या संगोपनाचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भारताने २००१ मध्ये घोडामासा आणि नळीमासा यांच्या संपूर्ण कुळाला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आणले. आपल्या समुद्रातील घोडामासा पकडणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. दुकानदाराने तो देऊ केला, तरी नकार देणेच योग्य. 'साइट्स' करारानुसार मे २००४ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आहेत. चिनी पारंपरिक औषधांसाठी होणारी मागणी आणि ट्रॉलरच्या जाळ्यात होणारी नासाडी यांमुळे ही वेळ आली. अमेरिका, युरोप व ऑस्ट्रेलियात मात्र संवर्धन केंद्रांत जन्मलेले घोडामासे पाळण्याचा छंद रुजला आहे. हवाई बेटांवरील कोना आणि टास्मानियातील ब्यूटी पॉइंट येथे अशी केंद्रे उभी राहिली. नवख्या हौशी पालकांना तेथे प्रामुख्याने अमेरिकी किनाऱ्यावरील 'हिप्पोकॅम्पस इरेक्टस' ही जाती सुचवली जाते. केंद्रात वाढलेला मासा गोठवलेले खाद्य घेतो. समुद्रातून पकडलेला मासा मात्र बहुधा जिवंत भक्ष्याचीच वाट पाहतो आणि उपासमारीने दगावतो.

टाकी रुंदीपेक्षा उंचीला अधिक हवी. शेपटी सरळ धरून माशाची जेवढी लांबी भरते, तिच्या किमान तिप्पट उंची असावी; कारण मीलनाच्या वेळी जोडीला पाण्यात वर चढत जावे लागते. एका जोडीसाठी सुमारे शंभर लिटर पाणी लागते. मासे आणण्यापूर्वी टाकी चार ते सहा आठवडे चालू ठेवून तिच्यात उपयुक्त जिवाणू स्थिरावू द्यावेत. अमोनिया आणि नायट्राइट यांचे प्रमाण शून्यावर आल्याशिवाय मासे सोडू नयेत. इरेक्टससाठी तापमान २२ ते २४ अंश सेल्सिअस राखावे. पाणी याहून तापले, की व्हिब्रिओसारखे जिवाणू बळावतात. शेपटीने धरून राहण्यासाठी कृत्रिम वनस्पती किंवा शैवाल ठेवावे. दंश करणारी समुद्रफुले आणि चपळ, भांडखोर मासे यांना या टाकीत थारा देऊ नये. पंपाचे तोंड जाळीने झाकावे, अन्यथा शेपटी आत ओढली जाते.

मायसिस जातीची गोठवलेली कोळंबीसारखी सूक्ष्म जीवजात दिवसातून दोन-तीनदा द्यावी. खरी कसोटी असते ती त्यानंतर. उरलेले खाद्य तळाशी कुजते आणि रोगाला निमंत्रण मिळते. म्हणून प्रत्येक जेवणानंतर अर्ध्या तासात ते नळीने ओढून काढावे. दर आठवड्याला दहा ते वीस टक्के पाणी बदलावे. त्यासाठी आरओ पाण्यात सागरी मीठ मिसळून आदल्या दिवशीच द्रावण तयार ठेवावे.

नर-मादी रोज सकाळी रंग उजळवून, शेपट्या गुंफून एकमेकांना सामोरे येतात. मीलनात मादी आपली अंडी नराच्या पिशवीत सोडते. पुढचे गर्भारपण नराचे! पिशवीतच अंडी फलित होतात आणि नर त्यांना प्राणवायू पुरवतो. जाती व तापमान यांनुसार दोन ते चार आठवड्यांनी पिल्ले बाहेर पडतात. एका वेळी त्यांची संख्या शेकड्यांत असू शकते. नर लवकरच पुन्हा मीलनास सिद्ध होतो.

पिल्ले जगवणे हेच खरे आव्हान. त्यांना पहिल्या दिवशीच वेगळ्या, गोलाकार भांड्यात हलवावे आणि पाणी मंद गतीने फिरते ठेवावे. पाणी साचून राहिले, तर पिल्ले पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात आणि तरंगत राहून मरतात. नुकतीच उबवलेली आर्टेमियाची पिल्ले त्यांना दिवसातून अनेकदा द्यावी लागतात. आर्टेमियाच्या अंड्यांबरोबर हायड्रॉइड शिरकाव करतात, म्हणून त्यांची कवचे आधी रासायनिक क्रियेने काढून टाकावीत. एवढे करूनही अनेक पिल्ले दगावतात. निसर्गातही हजारांतील मोजकीच मोठी होतात.

म्हणून या छंदाची सुरुवात माशापासून नव्हे, पाण्यापासून करावी. ज्याला रोज दोन-तीनदा खाद्य देण्याची आणि तेवढ्याच वेळा तळ साफ करण्याची सवड नाही, त्याने घोडामासा सार्वजनिक मत्स्यालयातच पाहावा. त्यातही आनंद आहे आणि माशाचे हितही.