वृत्तपत्राचे बीजभांडवल

वृत्तपत्रांचा इतिहास लिहिताना आपण संपादकांचे अग्रलेख, त्यांच्यावरील खटले आणि त्यांची लेखनशैली यांचा तपशिलाने विचार करतो. परंतु पहिला अंक काढण्यासाठी लागलेला पैसा कोठून आला, हा प्रश्न बहुधा तळटीपेत जातो. वस्तुतः पत्राच्या आयुष्याचा बराचसा निर्णय त्या प्रश्नाच्या उत्तरातच झालेला असतो.

‘मूकनायक’ हे ह्याचे बोलके उदाहरण होय. ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईस हे पाक्षिक निघाले, त्यामागे राजर्षी शाहू छत्रपतींनी दिलेले २,५०० रुपये होते. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असल्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव असे. पत्राची वार्षिक वर्गणी अडीच रुपये होती. म्हणजे महाराजांची देणगी १,००० वर्गणीदारांच्या वर्षभराच्या वर्गणीएवढी भरते. ज्या समाजासाठी पत्र निघाले, त्यात साक्षर थोडे, आणि अडीच रुपये एकदम बाजूस काढू शकणारे त्याहूनही थोडे. वर्गणीची वाट पाहात बसले असते, तर पहिला अंक निघणे कठीण होते. परंतु देणगी एकदा येते, छपाईचे देणे मात्र दर पंधरवड्यास उभे राहते. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब अध्ययनासाठी लंडनला गेले, ६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तले, आणि १९२३ साली ‘मूकनायक’ बंद पडले. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले, तेव्हाही अंकाचा बहुतेक मजकूर बाबासाहेबांनी एकट्याने लिहावा आणि निधीसाठी वाचकांना विनवावे, अशीच स्थिती होती. १९२९ च्या नोव्हेंबरात तेही थांबले.

आज आंतरजालावर आपल्या गावाचे वृत्तपत्र काढू पाहणाऱ्यास कागद, छपाई आणि टपालहशील यांचा भार नाही. त्यामुळे भांडवलाचा प्रश्नच सुटला, असे पुष्कळांस वाटते. ही समजूत फसवी आहे. नगरपालिकेच्या सभेस शेवटपर्यंत बसणारा आणि कागदपत्रे तपासणारा वार्ताहर फुकट मिळत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ८ नोव्हेंबर २००७ रोजी ‘मिनपोस्ट’ हे आंतरजालीय पत्र निघाले. त्यासाठी चार कुटुंबांनी मिळून ८,५०,००० डॉलर उभे केले. नाइट प्रतिष्ठानाने २,५०,००० डॉलर दिले. संस्थापक जोएल क्रेमर हे एका मोठ्या दैनिकाचे माजी प्रकाशक असल्यामुळे केवळ आरंभधनावर पत्र तगत नाही, हे ते जाणून होते. वाचकांनीही देणगी देऊन सभासद व्हावे, अशी योजना त्यांनी केली. इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी २०१४ साली निघालेल्या ‘ब्रिस्टल केबल’ने तर सहकाराचा मार्ग धरला. तेथे सभासद हेच मालक, आणि वर्गणी कमी असो वा अधिक, प्रत्येकास मत एकच. सहकारी पतपेढी चालविणाऱ्या आपल्या शिक्षकबंधूंस ही रीत परकी वाटू नये.

दात्याची देणगी आणि वाचकांची वर्गणी ह्यांत विरोध मानण्याचे कारण नाही. पहिलीवाचून आरंभ होत नाही, दुसरीवाचून टिकाव लागत नाही. बेळगाव, इंदूर, बडोदे यांसारख्या नगरांतील मराठी समाजास हा विचार विशेष जिव्हाळ्याचा आहे. आपल्या शाळांची पटसंख्या, ग्रंथालयांची अनुदाने आणि नगरपालिकेतील ठराव यांची वार्ता दूरच्या मोठ्या दैनिकात क्वचितच सविस्तर येते. ती मराठीत मिळावी असे वाटत असेल, तर पत्र काढण्यापूर्वी दोन गोष्टी हाती असाव्यात: वार्ताहराचे एका वर्षाचे वेतन, आणि दुसऱ्या वर्षाची वर्गणी देण्याचे वचन दिलेल्या वाचकांची यादी. शिवाय कोणी किती दिले, हे पहिल्याच अंकात प्रसिद्ध करावे. ज्याचा पैसा त्याचे पत्र, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक असते. तिला उघड्या हिशेबाइतके समर्पक उत्तर नाही.