फडावरील उमेदवाराचें हिशेबशिक्षण

पेशवाईंतील दफ्तराविषयीं आजवर पुष्कळ लेखन झालें आहे. दफ्तराचीं खातीं कोणतीं, फडणिसाचा अधिकार काय, मुजुमदाराचा काय, इत्यादि गोष्टी अभ्यासकांस आतां परिचित आहेत. परंतु त्या दफ्तरांत बसून जे कारकून कागद लिहीत, ते हिशेब कोठें व कसा शिकले, ह्या प्रश्नाकडे व्हावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. फडावर उमेदवार म्हणून बसूं पाहणाऱ्या मुलास अगोदर काय येत असलें पाहिजे, आणि त्या शिक्षणाचा पुरावा आज कोणत्या कागदांत शोधावा, एवढ्यापुरताच प्रस्तुत लेख आहे. पुराव्याची गोष्ट संग्राहकांच्या विशेष लक्षांत यावी अशी आमची इच्छा आहे. कारण तो पुरावा बहुतांशीं संग्राहकांच्याच हातून नष्ट होत आला आहे, आणि त्या दोषांतून आम्हीही सुटलेले नाहीं.

प्रथम फडावरील काम पाहूं. पुण्याच्या हुजूर दफ्तरांत भरभराटीच्या काळीं दोनशेंच्या वर कारकून असत. प्रत्येक दिवसाचा जमाखर्च व दिलेलीं आज्ञापत्रें रोजकीर्दींत चढत. रोजकीर्दींतील कलमें पुढें विषयवार निवडून आवर्जांत व खतावणींत जात. त्यांवरून तर्जुमे होत, आणि वर्षअखेर ताळेबंद निघे. निरनिराळ्या खात्यांचे हिशेब एकत्र लावून ठेवण्याचें काम एकबेरीज दफ्तराचें. म्हणजे एकच रक्कम चार-पांच ठिकाणीं, चार-पांच हातांनीं लिहिली जाई, आणि कोठें एक आणा चुकला तर तो कोठल्या पायरीवर चुकला हें शोधून काढतां येई. गै. वाड यांनीं निवडलेल्या व १९०२ पासून छापून निघालेल्या रोजनिशींच्या उताऱ्यांवरून ह्या पद्धतीची कल्पना येते. तथापि छापील उताऱ्यांत कागदाची मूळ मांडणी बरीच लोपते, आणि आमच्या प्रश्नाचें उत्तर तर त्या मांडणींतच आहे.

जुना मोडी हिशेबाचा कागद ज्यानें हाताळला असेल त्यास ठाऊक आहे कीं, कागदाच्या माथ्यावर आडवी रेघ लांबवून मथळा घालीत, त्याखालीं आधीं एकूण बेरीज मांडीत, आणि मग 'पैकी' म्हणून तपशिलाचीं कलमें येत. एखाद्या कलमाचा पोटतपशील असला तर तेथेंही हाच क्रम. हल्लीं आपण बेरीज शेवटीं लिहितों. तेव्हां ती आरंभीं असे. ह्याचा सरळ अर्थ असा कीं, हिशेब पुरा झाल्यावांचून लेखणी पक्क्या कागदास लागूंच शकत नसे. प्रत्येक पक्क्या कागदामागें एक कच्चा कागद होता, आणि तो कच्चा कागद तयार करण्याची पुष्कळशी मेहनत उमेदवाराच्या वांट्यास येत असली पाहिजे असें आमचें अनुमान आहे. हें खरें असेल तर अगदीं कोऱ्या मुलास फडावर घेऊन कांहींच उपयोग नव्हता. त्यास हिशेब आधींच आला पाहिजे.

तो येई कोठून? आरंभ पंतोजीच्या शाळेंत. अक्षर वळवून घेण्यास धूळपाटी, आणि तोंडीं उजळणी. पाढे तीसपर्यंत म्हटल्यावर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. हल्लींच्या पिढीस हा घोकंपट्टीचा छळ वाटतो. पण त्यांतील एकेक पाढा व्यवहाराच्या एकेका खुंटीस बांधलेला आहे. समजा, एका शिपायास दरमहा साडेसात रुपये वेतन आहे. तीस दिवसांचा महिना धरिला म्हणजे रोज चार आणे, अर्थात् पाव रुपया पडतो. त्याची हजिरी बावीस दिवसांची भरली, तर पावकी पाठ असलेला मुलगा साडेपांच रुपये हें उत्तर एका श्वासांत देईल. धान्याच्या कर्जास वाढीदिढी घेत, तेथें दिडकी कामास येई. औट म्हणजे साडेतीन; होनाचा भाव जेथें साडेतीन रुपये धरीत, तेथें सतरा होनांचे साडेएकुणसाठ रुपये औटकीनेंच निघत. औटकीचा पाढा होनामुळें निघाला असें मात्र आम्ही म्हणत नाहीं.

पाढ्यांवर कोष्टकें. रुपयाचे सोळा आणे, गजाचे चोवीस तसू, खंडीचे वीस मण हें कोणासही येई. जमिनीचें कोष्टक अधिक खटपटीचें: पांच हात पांच मुठींची एक काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, आणि एकशें वीस बिघ्यांचा चाहूर. शिवाय नाणीं अनेक. चांदवडी, अंकुशी, हाली असे निरनिराळे रुपये एकाच पोत्यांत येत, व त्यांचा बट्टा वेगवेगळा. शेंकडा अडीच बट्ट्यानें शंभराचे साडेसत्त्याण्णव होतात हें सोपें. पण तीन जातींचे रुपये तीन बट्ट्यांनीं वळवून एक बेरीज माथ्यावर लिहावयाची म्हणजे कच्चा कागद हवाच.

कालगणनेचेंही तसेंच. दफ्तरांतील सन सुहूर, आणि तो आंकड्यांत नव्हे, अरबी शब्दांत लिहावयाचा. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१. त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे पानिपताचें १७६०-६१ हें साल येतें. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा हे शब्द ब्राह्मणाच्या पोरानें परवच्यासारखे पाठ करावयाचे! पेशवाईंतील शिक्षण केवळ शास्त्रीपंडितांच्या चष्म्यांतून पाहणारांच्या नजरेंतून ही गंमत सुटते.

ह्यापुढील पायरी मेस्तकाची. कोणत्या दरकदाराचें काम काय, कागद कसा लिहावा, ह्याचे नियम सांगणारीं हीं मेस्तकें परंपरेनें देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि याच्या नांवावर चालत आलीं आहेत. हेमाद्रि तेराव्या शतकांतला. तेव्हां ज्या प्रतींत रोजकीर्द, तर्जुमा यांसारखे फारशी वळणाचे शब्द असतील, त्या प्रतींवर पुढील काळाचे हात फिरले आहेत हें उघड आहे. आम्हांस यांत वैगुण्य वाटत नाहीं. जें पुस्तक शिकण्यासाठीं वापरतात त्यांत प्रत्येक पिढी भर घालते. न वापरलेली पोथीच तेवढी शुद्ध राहते.

बाकीचें शिक्षण घरीं. फडणिशी, कुळकर्ण हीं कामें बहुधा वंशपरंपरेचीं. बाळाजी जनार्दन ऊर्फ नाना फडणीस यांचा जन्म १७४२ चा. वडील जनार्दनपंत १७५६ त वारले, आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आंत-बाहेर फडणिशी त्यांजकडे आली. एवढ्या वयांत तें काम पेलावयाचें तर त्याची तयारी बापाच्या हयातींतच घरच्या माडीवर झालेली असली पाहिजे. ज्या मुलास असें घर नव्हतें त्यास कोणा कारकुनाच्या ओळखीनें, त्याचे कागद नकलून, हात बसवावा लागे. त्याचें सर्व भवितव्य त्या नकलांवर अवलंबून असे, आणि नेमक्या त्याच मुलाचे कागद आज मिळत नाहींत.

कां मिळत नाहींत हें सांगण्यास आम्हांस दूर जावयास नको. पुष्कळ वर्षांपूर्वीं घाटावरील एका कुळकर्णी घराण्याचे रुमाल आम्हीं सोडले. सनदा, निवाडे व पत्रें वेगळीं काढिलीं. उरलेल्या ढिगांत एकच बेरीज तीन-तीनदां केलेलीं, खोडलेलीं, अर्धवट मथळ्यांचीं पानें होतीं. तीं 'पोरखेळ' म्हणून आम्हीं यजमानांकडेच टाकून आलों. पुढें दोन वर्षांनीं चौकशी केली तेव्हां तीं न्हाणीघरांतील बंबाखालीं गेल्याचें समजलें. यजमानांस दोष देण्यासारखें कांहींच नव्हतें. निवड आमची होती.

अशीं पानें ओळखणें कठीण नाहीं. मथळ्याची लांब रेघ वांकडी किंवा दोनदां ओढलेली असते. बेरजेची जागा माथ्यावर कोरी सोडून खालीं तपशील आधीं भरलेला असतो, म्हणजे शिकणारा अजून उलट्या क्रमास सरावलेला नाहीं. सुहूर सनाचे शब्द ओळीनें लिहिलेले आढळतात, आणि क्वचित् बाजूस दुसऱ्या पक्क्या हातानें दुरुस्ती असते. कागद महाग असल्यामुळें सरावासाठीं पाठकोरे कागद वापरीत. सबब असें पान हातीं आल्यास तें उलटूनही पाहावें, कारण मागील बाजूस एखादी जुनी याद किंवा झडती असण्याचा संभव असतो, आणि तिच्या मितीवरून सराव कोणत्या सालानंतरचा हें ठरवितां येतें.