गाणी कापलेले गेम

१९९६ साली विंडोजवर आलेल्या ‘रोड रॅश’मध्ये साउंडगार्डन या रॉक बँडची गाणी होती, शर्यतीनंतर दिसणारे व्हिडिओही होते. सांगलीत आम्हां पोरांच्या हाती आला तो दोन्ही कापलेला. गेमची मूळ सीडी साडेसहाशे एमबीची, फ्लॉपी जेमतेम १.४४ची. सगळ्यात जास्त जागा खायचे ते व्हिडिओ नि संगीत; म्हणून कात्री आधी तिथेच चालायची. उरलेलं दाबून, तुकडे पाडून भरायचं. एक फ्लॉपी खराब निघाली की पुढचं सगळं मुसळ केरात. पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेका सीडीत आठ-दहा गेम कोंबून येऊ लागले. वर मार्करने खरडलेली नावं. इन्स्टॉल करताना काळ्या खिडकीत ओळी सरसरत जायच्या, आम्ही श्वास रोखून बघायचो.

२००३ साली पीसीवर आलेला ‘व्हाइस सिटी’ही आमच्याकडे रेडिओविनाच आला. गाडी सुसाट, पण आत शुकशुकाट. गेममध्ये मात्र ‘एमपी३’ नावाचा फोल्डर असायचा. त्यात टाकलेली गाणी गाडीच्या रेडिओवर वाजत. आमच्या टॉमीने, म्हणजे गेमच्या नायकाने, मग ‘अगं बाई अरेच्चा’ची गाणी लावून अख्खं शहर पालथं घातलं. मूळ रेडिओ मी नोकरीला लागल्यावर ऐकला. चांगला आहे, पण त्यात ‘मल्हारवारी’ नाही.