उसने कार्ड

खामगावच्या आसपासच्या खेड्यांत उसनवारीला कोणी लाजत नाही. विरजण, चाळणी, पाहुण्यांसाठी गादी, पेरणीच्या दिवसांत तिफण, प्रसंगी बैलांची जोडीसुद्धा एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाते आणि काम झाले की परत येते. गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत ह्या यादीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती वस्तू म्हणजे कार्ड. रेशनचे कार्ड, सहकारी भांडाराचे सभासदपुस्तक, लष्करी कँटीनचे कार्ड, ठोक बाजाराचे कार्ड. ज्याच्याजवळ ते असते त्याला दुकानात प्रवेश, आणि नसते त्याला दारातून माघार. मग ज्याच्याजवळ नाही तो ज्याच्याजवळ आहे त्याच्याकडे जातो आणि म्हणतो, “दोन दिवसांसाठी द्या.”

वाटी उसनी दिली तर वाटीच जाते. कार्ड उसने दिले म्हणजे आपले नावच दुसऱ्याच्या हाती जाते. हा फरक मला फार उशिरा कळला, आणि तो कळावा म्हणून एका भल्या माणसाला कमीपणा सोसावा लागला. ती हकीगत शेवटी सांगेन. तत्पूर्वी दुकानाच्या दारात हे कार्ड आले कसे, ते पाहणे बरे.

दुकान म्हणजे वस्तुतः सर्वांना मोकळी असलेली जागा. खिशात पैसा असला की झाले. दुकानाला सभासद असावेत, ही कल्पना पोटाच्या चिमट्यातून निघाली. इंग्लंडात रॉचडेल म्हणून विणकरांचे गाव आहे. तेथे मजुरी तुटपुंजी, वाण्याचा माल भेसळीचा आणि उधारी गळ्याशी आलेली. अशा वेळी अठ्ठावीस माणसांनी पौंड पौंड जमवून २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेनमध्ये आपले स्वतःचे दुकान उघडले. लोणी, साखर, पीठ असा चारदोन जिनसांचाच माल होता. पण वजन चोख आणि व्यवहार रोखीचा. वर्षाअखेर जो नफा उरेल तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटून घ्यावयाचा, हा त्यांचा खरा शोध. त्यासाठी कोणी किती घेतले हे लिहून ठेवणे आले आणि लिहून ठेवण्यासाठी सभासदाला क्रमांक देणे आले. पुढे इंग्लंडातल्या कामकरी घरांतल्या मुलांना आईचा दुकानातला क्रमांक पाढ्यासारखा पाठ असे. म्हातारपणी इतर गोष्टी विसरल्या, तरी तो क्रमांक जिभेवरून गेला नाही, असे सांगणारी माणसे तिकडे परवापरवापर्यंत होती.

आता ह्या क्रमांकावर शेजारणीने दोन पौंड साखर आणली, तर बिघडले काय? काहीच नाही. दुकानाची विक्री वाढली, सभासदाच्या खात्यावर नफ्याचा अंश वाढला, शेजारणीला चोख माल मिळाला. सहकारी दुकानाच्या हिशेबात उसना क्रमांक म्हणजे चोरी नव्हे. झाला तर प्रचारच. आज जी शेजारीण दुसरीच्या नावावर साखर नेते, ती उद्या स्वतः सभासद होते.

आपल्या देशात हे बीज मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात १९०४ साली रुजले. मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली कामगारांचे ग्राहक सहकारी मंडळ निघाले. तेच पुढे ‘अपना बाजार’ ह्या नावाने घरोघर माहीत झाले. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर भाव कडाडले, तेव्हा केंद्र सरकारनेच ग्राहक भांडारे काढण्याची योजना हाती घेतली. आपल्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमात तर ‘नाममात्र सभासद’ असा एक वर्गच आहे. त्याला संस्थेच्या नफ्यात वाटा नाही, पण व्यवहार करण्यापुरता तो आतला. शेजाऱ्याला दारात ताटकळत ठेवण्यापेक्षा कायद्यानेच त्याला ओसरीवर बसण्याची जागा दिली, असे मला त्या कलमाकडे पाहून वाटते.

परंतु ह्याच काळात एक दुसरे कार्ड जन्माला आले आणि त्याची जात निराळी होती. दुसऱ्या महायुद्धात धान्याची टंचाई झाली, आणि २ मे १९४३ पासून मुंबई शहरात रेशनिंग सुरू झाले. ह्या कार्डावर नफ्याचा हिशेब नव्हता. माणशी किती दाणे, एवढाच हिशेब होता. साठा मोजका आणि खाणारी तोंडे मोजलेली. येथे एकाच्या कार्डावर दुसऱ्याने धान्य उचलले, तर ते कोणाच्या तरी ताटातून कमी होणार हे उघड आहे. ‘बोगस कार्ड’ हा शब्द आपल्या भाषेत असा रेशनच्या रांगेतून आला आणि पुढे मतदारयादीपर्यंत पोचला.

आमचा बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. राज्ये बदलली तरी कार्ड सुटले नाही. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो जोंधळ्याच्या नावाखाली ह्याच कार्डावर खाल्ली गेली. माझा जन्म त्यानंतरचा. परंतु माझ्या आईने त्या वर्षाची एक गोष्ट अनेकदा सांगितली आहे. शेजारचे एक कुटुंब जगायला म्हणून बाहेर गेले, ते जाताना आपले कार्ड तिच्या हाती देऊन गेले. तिने दर महिन्याला त्यांची मिलो उचलली. त्यातली निम्मी गावात मागे राहिलेल्या त्यांच्या म्हातारीला दिली आणि निम्मी मडक्यात घालून तोंड लिंपून ठेवली. पावसाळ्यात माणसे परतली, तेव्हा ते मडके त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवले. सरकारी नियमाने हा गुन्हाच होता. कार्ड एकाचे, उचलणारी दुसरी. आईला तसे सांगितले असते तर तिने विचारले असते, “मग म्हातारीनं काय खायचं होतं?”

हीच गोष्ट उलट बाजूनेही घडत असे. अडलेला मजूर आपले कार्ड दुकानदाराकडे किंवा सावकाराकडे गहाण टाकी. मग वर्षानुवर्षे त्याच्या नावाचा गहू, साखर आणि रॉकेल दुसरेच कोणी उचले. तेथेही कार्ड एकाचे आणि उचलणारा दुसरा. वहीत दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात. एकीत म्हातारी जगली आणि दुसरीत घर नागवले गेले, हे वहीला कळत नाही. १ मे १९९९ पासून आपल्याकडे पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची कार्डे आली. नंतर दुकानात अंगठ्याचे यंत्र आले. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात ह्या दोन राज्यांत एकमेकांचे कार्ड चालू लागले, तेव्हा सुरतेला कामाला गेलेल्याला आपले कार्ड शेजारणीच्या हवाली करण्याचे कारण उरले नाही. अंगठा गहाण टाकता येत नाही, हा यंत्राचा मोठाच गुण. पण राबून रेषा झिजलेल्या म्हातारीचा अंगठा यंत्राने ओळखला नाही, तर तो कोणाचा उसना आणावयाचा, हाही प्रश्न त्याच यंत्राने निर्माण केला.

ह्यानंतरचे कार्ड व्यापाऱ्यांचे. परदेशी भांडवलाने आपल्याकडे किरकोळ दुकान काढू नये, ठोक विक्री मात्र खुशाल करावी, असा आपला कायदा बरीच वर्षे होता. म्हणून २००३ साली बंगळूरला आलेले ‘मेट्रो’ काय किंवा २००९ साली अमृतसरला निघालेले वॉलमार्टचे ‘बेस्ट प्राइस’ काय, दोन्ही ठिकाणी प्रवेश कार्डावर आणि कार्ड फक्त परवानाधारक धंदेवाल्याला. ‘बेस्ट प्राइस’ची दुकाने पुढे अमरावतीला आणि औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला निघाली. आमचा जिल्हा ह्या दोन शहरांच्या मधोमध. असल्या ठोक दुकानात एखाद्या हॉटेलवाल्याच्या कार्डावर एका लग्नाचा बाजार, दोघा मास्तरांची दिवाळी आणि एका भिशीचे तेलाचे डबे एकाच गाडीत भरलेले मी पाहिले आहेत. येथे नुकसान होते ते गल्लीतल्या वाण्याचे, कारण त्याच्या संरक्षणासाठीच तर तो कायदा होता. परंतु गाडी भरताना त्याची आठवण कोणाला होत नव्हती. खुद्द मलाही झाली नाही.

अमेरिकेत ह्या दुकानांचा उगमही असाच आहे. सोल प्राइस नावाच्या गृहस्थाने १९५४ साली सान डिएगोत सरकारी नोकरांपुरते एक दुकान काढले. १९७६ साली त्याच गावी विमानांच्या जुन्या शेडमध्ये व्यापाऱ्यांपुरते दुसरे काढले. १९८३ साली सिएटलला ‘कॉस्टको’ निघाले. माझी एक जुनी विद्यार्थिनी न्यू जर्सीत असते. ती सांगते की, नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला पहिला महिनाभर कोणाच्या तरी कार्डावर तांदळाचे पोते आणून देणे हा तिकडचा पाहुणचारच समजला जाई. २०२४ पासून त्या दुकानांच्या दारातच कार्ड यंत्राला दाखवावे लागते. आता कार्डाची मालकीण स्वतः गाडी घेऊन नव्या बाईबरोबर जाते. पाहुणचार राहिला, त्याला फुरसत मात्र काढावी लागते.

आता राहिले लष्करी कँटीनचे कार्ड. आमच्या जिल्ह्यात फौजेतून निवृत्त झालेली माणसे गावोगाव आहेत. महायुद्धात १९४२ साली सरकारने कँटीनची व्यवस्था कंत्राटदारांकडून आपल्या हाती घेतली आणि १ जानेवारी १९४८ पासून ‘कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंट’ सुरू झाले. त्याची मुख्य कचेरी मुंबईत आहे. तेथला माल स्वस्त, कारण सरकार करात सवलत देते. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हाही कँटीनच्या खरेदीवरील कराचा निम्मा भाग परत मिळण्याची तरतूद झाली. ही सवलत म्हणजे नफ्याचा वाटा नव्हे आणि टंचाईतले रेशनही नव्हे. एका माणसाने तरुणपणाची वर्षे बर्फात आणि वाळूत काढली, त्याची ती पोच आहे. म्हणून महिन्याची मर्यादा हुद्द्याप्रमाणे ठरलेली, आणि कार्ड दुसऱ्याला देण्यास मनाई.

आमच्या शेजारी असे एक निवृत्त हवालदार राहत. आम्ही त्यांना हवालदारकाका म्हणत असू. २०११ साली माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न निघाले. मिक्सर, कुकर, दोन मोठ्या बॅगा आणि साबण-तेल असा बाजार करावयाचा होता, आणि मास्तराच्या पगारात तो बसत नव्हता. मी काकांकडे कार्ड मागितले. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. “गुरजी, कार्ड का माह्यं एकल्याचं हाय? तुमची बहीन ते माही पोरगी,” असे म्हणून त्यांनी कार्ड दिले आणि गुप्त आकडा चिठ्ठीवर लिहून दिला.

एका शहरातल्या कँटीनमध्ये मी टोपली भरून पैसे देण्याच्या खिडकीशी उभा राहिलो. खिडकीमागचे गृहस्थ स्वतः निवृत्त सैनिक होते. त्यांनी ओळखपत्र मागितले. मी म्हणालो, “मी पुतण्या. काकांची तब्येत बरी नाही.” दोन्ही गोष्टी खोट्या. त्यांनी शांतपणे विचारले, “काकांची पलटण कोणती?”

मला सांगता आले नाही. ज्यांच्या ओट्यावर मी लहानाचा मोठा झालो, ज्यांच्या घरची पुरणपोळी दर सणाला खाल्ली, त्यांची पलटण मला ठाऊक नव्हती. त्यांची सवलत कोणत्या दिवशी आणि किती, एवढे मात्र पक्के ठाऊक होते. कार्ड ठेवून घेण्यात आले. त्या गृहस्थांना मी मुळीच दोष देत नाही; त्यांनी आपले काम केले. काकांना मात्र उन्हातान्हात एस. टी. ने जाऊन स्वतःच्या हाताने माफीचा कागद लिहून द्यावा लागला, आणि काही महिने त्यांचे कार्ड बंद राहिले.

मी क्षमा मागावयास गेलो. काका बाजेवर बसले होते. म्हणाले, “कार्डाचं काही नाही गुरजी, ते येईन वापस. पन इतकी वर्सं झाली, तुमी मले कधी इचारलंच नाही.” मग त्या रात्री त्यांनी सांगितले. महार रेजिमेंट. १९७१ च्या लढाईत ते सीमेवर होते. बरोबरचा एक जण परत आला नाही. त्याचे गाव आमच्यापासून फार लांब नव्हते. मी कादंबऱ्या लिहितो, माणसांच्या अंतरंगाचा शोध घेतो अशी माझी समजूत होती. आणि भिंतीला भिंत लागून असलेले घर मी वाचले नव्हते.

तात्पर्य सांगावयाचे तर इतकेच की, उसने कार्ड हे सरसकट पाप नव्हे आणि सरसकट शेजारधर्मही नव्हे. जेथे कार्ड भागीदारीचे आहे, तेथे ते दिल्याने कोणाचे काही जात नाही. जेथे ते टंचाईचे आहे, तेथे ते कोणाच्या पोटी गेले हे पाहावे लागते. माझ्या आईने पाहिले होते. आणि जेथे ते कोणाच्या कष्टांची पोच आहे, तेथे ते मागण्यापूर्वी ते कष्ट कोणते, एवढे तरी विचारून घ्यावे. देणारा आपली पत देत असतो. आपण फक्त स्वस्त कुकर घेत असतो.

काका आता नाहीत. कार्ड काकूंच्या नावावर झाले आहे. दर दोन महिन्यांनी मी त्यांना एस. टी. ने कँटीनला घेऊन जातो. जड पिशवी मी उचलतो. कार्ड त्यांच्या कनवटीला असते, आणि त्या आत जातात तेव्हा मी फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत उभा राहतो.