अफूजन्य द्रव्ये आणि प्रौढांतील तिरळेपणा

अफू, मॉर्फीन, हेरॉईन (गर्द, ब्राऊन शुगर) यांच्या सेवनामुळे, किंवा सेवन थांबवल्यामुळे, प्रौढ व्यक्तीच्या डोळ्यांचा मेळ बिघडून येणारा तिरळेपणा. नशेच्या काळात डोळा बाहेरच्या बाजूस सरकू पाहतो. नशा सोडल्यावर तोच आत, नाकाकडे वळतो.

बऱ्याच माणसांत थोडा सुप्त तिरळेपणा असतोच. दोन्ही डोळ्यांतील प्रतिमा जुळवून एक करण्याची मेंदूची क्षमता तो झाकून ठेवते. अफूजन्य द्रव्यांमुळे हे नियंत्रण ढळत असावे, असे मानतात. नेमकी यंत्रणा सिद्ध झालेली नाही. नशेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आकसतात, ते वेगळे. ते जवळपास हमखास घडते, तिरळेपणा मात्र काहींनाच येतो.

दवाखान्यात येतो तो बहुधा नशा सोडलेला रुग्ण. व्यसनमुक्तीच्या उपचारांत नशा बंद झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याला लांबचे दुहेरी दिसू लागते: रस्त्यावर एका बसच्या दोन बस होतात, हातातला कागद मात्र नीट वाचता येतो. लहान मुलाचा मेंदू अशा वेळी एका डोळ्याची प्रतिमा दडपून टाकतो. प्रौढाच्या मेंदूला ते सहसा जमत नाही. इंग्लंडमधील शेफिल्ड येथील ॲलिसन फर्थ यांनी 2001 मध्ये हेरॉईन सोडणे हे अशा तिरळेपणाचे संभाव्य कारण म्हणून मांडले.

या तिरळेपणात कोणत्याही दिशेला पाहिले तरी विचलनाचा कोन साधारण सारखाच राहतो. सहाव्या मस्तिष्क-चेतेच्या लकव्यात तसे नसते. बाधित डोळ्याच्या बाजूला पाहताना कोन वाढतो. तरीही, प्रौढ वयात अचानक आलेला तिरळेपणा केवळ व्यसनाच्या खाती टाकणे धोक्याचे. मेंदूतील गाठ, कवटीतील वाढलेला दाब, मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा विकार), थायरॉईडचे विकार आधी वगळावे लागतात. उलट चूकही होते: व्यसनाचा इतिहास रुग्ण आपणहून सांगत नाही, डॉक्टर संकोचाने विचारत नाहीत, आणि तपासण्यांवर पैसा खर्च होत राहतो. वेदनाशामक म्हणून दीर्घकाळ घेतलेल्या ट्रॅमाडॉलसारख्या अफूसदृश गोळ्यांचीही चौकशी करावी.

काहींचा तिरळेपणा आपोआप ओसरतो. तोवर चष्म्याच्या काचेवर चिकटवायची फ्रेनेल प्रिझम पुरते. न ओसरल्यास बोट्युलिनम विषाचे इंजेक्शन देतात किंवा कोन स्थिर झाल्यावर स्नायूंची शस्त्रक्रिया करतात. दुहेरी दिसण्यामागचे कारण रुग्णाला आधीच समजावलेले बरे, नाहीतर घाबरून तो उपचारच सोडण्याची शक्यता असते.