देव पाण्यात ठेवलेला मोसम : मुंबई एफसी, खालिद जमील आणि २०१७

३० एप्रिल २०१७. शिलाँगच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ऐझॉल एफसीने शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधली आणि मिझोरामचा एक छोटा क्लब भारताचा फुटबॉल विजेता ठरला. ऐझॉलचे ३७ गुण, मोहन बागानचे ३६. देशभरातील वर्तमानपत्रांनी ही परीकथा रंगवून सांगितली. याच मोसमाच्या तक्त्यात सर्वांत खाली, दहाव्या स्थानावर, एक दुसरे नाव होते : मुंबई एफसी. वरच्या आणि खालच्या या दोन नावांना जोडणारा माणूस एकच होता. त्यामुळे ही कथा खालून वाचली, तर ती अधिक उलगडते.

प्रथम शब्दाविषयी. ‘रेलिगेशन’ म्हणजे मोसमाच्या अखेरीस तळाला राहिलेल्या संघाची खालच्या विभागात रवानगी. नीरेकाठच्या अकलूजसारख्या गावात, जिथे खेळ म्हटला की आधी कुस्तीचा आखाडा आठवतो, तिथल्या रसिकाला ही कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. पैलवान चीतपट झाला तर दुःख होते. पण ते त्या फडापुरते. पुढच्या जत्रेत तोच पैलवान पुन्हा लांग कसून उभा राहतो, आणि हरला म्हणून त्याला कोणी खालच्या आखाड्यात पाठवत नाही. शिवाय कुस्तीचा निकाल काही मिनिटांत लागतो. रेलिगेशनची लढाई पाच-सहा महिने चालते आणि तिच्यात चाहत्याला दर आठवड्याला थोडेथोडे हरावे लागते.

या व्यवस्थेचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. १८८८ साली बारा क्लबांनी फुटबॉल लीग सुरू केली. १८९२ मध्ये दुसरा विभाग जोडला गेला आणि कोणी वर यायचे, कोणी खाली जायचे हे ठरवण्यासाठी ‘टेस्ट मॅच’ नावाचे विशेष सामने खेळवले जाऊ लागले. १८९८ मध्ये स्टोक आणि बर्नली या दोघांनाही पहिल्या विभागातील स्थानासाठी केवळ बरोबरी पुरेशी होती. मग काय, दोघांनी गोल करण्याचा प्रयत्नच केला नाही. सामना ०-० सुटला. कंटाळलेल्या प्रेक्षकांनी आपल्याकडे आलेला चेंडू परत देणे थांबवून स्वतःची करमणूक करून घेतली, असे सांगतात. या तमाशानंतर टेस्ट मॅच बंद झाल्या आणि तक्त्यातील स्थानावरून थेट बढती व घसरण ठरू लागली. आज जगभर चाहत्यांची झोप उडवणारा नियम असा एका लबाडीच्या बरोबरीतून पक्का झाला.

भारतात या शिडीची सर्वांत जुनी ओळख कोलकात्याला आहे. तिथल्या लीगच्या पहिल्या विभागात भारतीय संघांची संख्या दोनपुरती मर्यादित ठेवणारा नियम होता. तो हटल्यावर १९२५ मध्ये ईस्ट बंगालला वर प्रवेश मिळाला. १९२८ मध्ये हाच संघ खाली घसरला आणि परत वर येण्यास त्याला काही वर्षे लागली. म्हणजे आज लाखो पाठीराखे मिरवणाऱ्या क्लबनेही तळाची चव घेतलेली आहे.

राष्ट्रीय पातळीवर १९९६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग आणि २००७ मध्ये तिच्या जागी आय-लीग आली. पहिल्याच आय-लीगमध्ये गोव्याने दोन टोके पाहिली : डेम्पो विजेता ठरला आणि साळगावकर, जो १९९८-९९ चा राष्ट्रीय विजेता होता, तो खाली गेला. साळगावकरच्या चाहत्यांसाठी ती घसरण शेवटची ठरली नाही. संघ परतला आणि २०१०-११ मध्ये चक्क आय-लीग जिंकला. रेलिगेशनच्या भीतीत जगणारा चाहता अशाच उदाहरणांवर तग धरतो. ‘गेलो तरी परत येऊ’ हे त्याचे शेवटचे आश्वासन असते. ते नेहमीच खरे ठरत नाही, हे मुंबईत दिसले.

मुंबई एफसीची स्थापना २००७ ची. पहिले प्रशिक्षक इंग्लंडचे डेव्हिड बूथ. २००८ मध्ये दुसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळवून संघ आय-लीगमध्ये आला. त्या वेळी महिंद्रा युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता संघ याच शहरात होता. एअर इंडियाही होता. २०१० मध्ये महिंद्रा युनायटेड बंद झाला. एअर इंडिया आणि ओएनजीसी हे नोकरदार खेळाडूंचे संघ २०१३ नंतर आय-लीगमध्ये दिसले नाहीत. अशा रीतीने एवढ्या मोठ्या शहराचा आय-लीगमधील सगळा भार एकट्या मुंबई एफसीवर आला, आणि तोही अशा संघावर, ज्याच्याकडे ना मोठे नाव होते ना मोठी तिजोरी.

२००९ मध्ये संघाची सूत्रे खालिद जमील यांच्याकडे आली. भारताकडून खेळलेला हा मधल्या फळीतील खेळाडू महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफसी असा शहरातल्या शहरात फिरलेला. पुढची सात वर्षे तो या संघाचा प्रशिक्षक राहिला. भारतीय फुटबॉलमध्ये जिथे चार पराभवांनंतर प्रशिक्षकाची पिशवी बाहेर ठेवली जाते, तिथे सात वर्षे हा काळ थक्क करणारा आहे. या सात वर्षांत मुंबई एफसीने एकदाही विजेतेपदाच्या शर्यतीत भाग घेतला नाही, आणि एकदाही संघ खाली गेला नाही.

खालिद यांच्या संघाचा खेळ देखणा नव्हता. बचावाची भिंत, लांब चेंडू, एका गोलाची आघाडी आणि उरलेला वेळ दात-ओठ खाऊन काढणे. टीकाकारांनी त्याला कंटाळवाणा म्हटले, आणि ते चूकही नव्हते. पण तळाच्या लढाईत चाहत्याची सौंदर्यदृष्टी बदलते. शिखरावरच्या संघाच्या चाहत्याला बरोबरी म्हणजे दोन गुण गमावणे वाटते. तळाच्या संघाच्या चाहत्याला तीच बरोबरी एक गुण कमावणे असते. एकाच निकालाचे हे दोन अर्थ लक्षात घेतले, तर कोलकात्याच्या बलाढ्य संघाविरुद्धचे गोलशून्य नव्वद मिनिटे कोणाला तरी सणासारखी का वाटत असावीत, ते कळते.

त्यातच घर नव्हते. कूपरेज मैदानाचे नूतनीकरण चालू असताना काही मोसम मुंबई एफसीचे ‘घरचे’ सामने पुण्याच्या बालेवाडीत झाले. घरच्या सामन्यासाठी घाट ओलांडायचा, अर्धे रिकामे भव्य स्टेडियम पाहायचे आणि रात्री परत यायचे. इतक्या खटाटोपानंतर संघ हरला, तर त्या परतीच्या प्रवासाची कल्पनाच केलेली बरी.

चाहते हा ताण सहन कसा करतात? पहिला उपाय गणिताचा. मराठी क्रीडापानांनी त्याला ‘जर-तर’ असे अचूक नाव दिले आहे. अमुक हरला, तमुकने बरोबरी साधली आणि आपण दोन गोलांनी जिंकलो तर. अशी कोष्टके मांडताना भीती थोडी आटोक्यात येते, कारण जे आपल्या हातात नाही ते निदान कागदावर तरी येते. दुसरा उपाय दैवी. ठरलेली जागा, ठरलेला सदरा, आणि मराठीत ज्याला देव पाण्यात ठेवणे म्हणतात तो सारा प्रकार. तिसरा उपाय विनोदाचा : आपल्याच संघाची खिल्ली आपणच आधी उडवायची, म्हणजे दुसऱ्याला संधी उरत नाही. चौथा उपाय सर्वांत जुना आहे. दोष देण्यासाठी पंच, प्रशिक्षक किंवा मालक यांपैकी कोणीतरी शोधायचा.

अंतर ठेवणे हाही एक उपाय आहे, पण तो ज्याला जमतो तो बहुधा खरा चाहता नसतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डीनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की विद्यापीठाचा संघ जिंकल्यावर विद्यार्थी ‘आम्ही जिंकलो’ म्हणतात आणि हरल्यावर ‘ते हरले’ म्हणण्याकडे झुकतात. तळाच्या संघाच्या निष्ठावंत चाहत्याची अडचण हीच, की पराभवानंतरही त्याच्या तोंडून ‘आम्ही’च निघते. हा ताण केवळ मनाचाही नाही. २००६ च्या विश्वचषकात म्युनिक परिसरात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना अडीच पटींहून अधिक वाढल्याचे वैद्यकीय अभ्यासात नोंदले गेले आहे.

आय-लीगच्या चाहत्याच्या वाट्याला आणखी एक यातना होती, जी इंग्लंडमध्ये सापडणार नाही : तळाला कोण आहे आणि खाली कोण जाणार, हे एकच असेल याची खात्री नव्हती. कंपन्यांच्या पाठबळावर थेट प्रवेश घेतलेल्या नव्या संघांना सुरुवातीच्या मोसमांत घसरणीपासून अभय दिले जाई. २०१४-१५ मध्ये पुण्याचा भारत एफसी सर्वांत शेवटी राहिला. पण अभयामुळे तो वाचला आणि त्याच्या वरचा डेम्पो, पाच वेळा राष्ट्रीय विजेता, खाली गेला. पुढच्याच वर्षी पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स तळाला राहिला, तोही वाचला आणि आठव्या क्रमांकाचा ऐझॉल घसरला. मैदानावर कमावलेले स्थान कागदावरच्या अटीने हिरावले जाणे, याहून कटू गोष्ट खेळात क्वचितच असेल. नव्या गुंतवणुकीला संरक्षण हवे, हा युक्तिवाद समजण्याजोगा आहे. परंतु त्या संरक्षणाची किंमत जुन्या क्लबांनी का मोजावी, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

मग २०१६ च्या उन्हाळ्यात पट पूर्ण उलटला. महासंघाने इंडियन सुपर लीगला सर्वोच्च स्थान देण्याची योजना पुढे आणताच साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दे गोवा यांनी निषेध म्हणून आय-लीगमधून माघार घेतली. दुसरा विभाग जिंकून परतण्यास पात्र ठरलेल्या डेम्पोनेही तोच मार्ग धरला. रिकाम्या जागांमुळे घसरलेल्या ऐझॉलला परत बोलावण्यात आले. त्याच सुमारास मुंबई एफसी आणि खालिद जमील यांचे सात वर्षांचे नाते संपले. बेरोजगार प्रशिक्षक आणि मरणाच्या दारातून परतलेला क्लब यांची ऐझॉलमध्ये गाठ पडली.

मुंबईत संतोष कश्यप आले. मोसमाची सुरुवात विजयी होती आणि नव्या, मोकळ्या खेळाच्या गोष्टी होऊ लागल्या. पुढे विजय आटले. आठवड्यामागून आठवडे गेले, मोसमाच्या मध्यावर स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन यांना आणले गेले, तरी घसरण थांबली नाही. कूपरेजवर ज्यांनी सात वर्षे ‘कंटाळवाणा’ बचाव पाहिला होता, त्यांना आता त्याच बचावाची किंमत कळत होती. तिकडे २२ एप्रिल २०१७ रोजी ऐझॉलने मोहन बागानला १-० ने हरवले. गोल बचावपटू झोमिंगलियाना राल्टेचा होता, डोक्याने मारलेला. आठवड्याभरात खालिद राष्ट्रीय विजेते प्रशिक्षक झाले आणि त्यांचा जुना संघ शेवटच्या क्रमांकावर राहिला.

याच शहरातील दुसऱ्या संघाची स्थिती पाहण्यासारखी आहे. मुंबई सिटी एफसीने २०१६ च्या सुपर लीगच्या साखळी फेरीत डिएगो फोर्लानसारख्या खेळाडूसह अव्वल स्थान मिळवले होते. त्या स्पर्धेत रेलिगेशन नव्हतेच. तिथला चाहता हरला तरी त्याचा संघ पुढच्या वर्षी त्याच जागी असणार, हे निश्चित होते. ताण नाही, पण शेवटच्या आठवड्यात तळाच्या दोन संघांच्या सामन्याला जी धार येते, तीही नाही.

मुंबई एफसी खाली गेला आणि दुसऱ्या विभागात खेळण्यासाठी उभाच राहिला नाही. २०१७ मध्ये क्लब बंद झाला. साळगावकरच्या चाहत्यांना परतीची आशा होती, डेम्पोच्या चाहत्यांनाही. (डेम्पो २०२४ मध्ये आय-लीगमध्ये परत आलाही.) मुंबई एफसीच्या चाहत्यांना मात्र जर-तर मांडायला पुढचा तक्ताच उरला नाही. अनेक महिने ज्या घसरणीची धास्ती घेतली, ती त्यामानाने सौम्य शिक्षा होती, हे त्यांना ती झाल्यानंतर कळले.

खालिद जमील पुढे ईस्ट बंगालकडे गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. आय-लीगमध्ये मुंबईचे नाव काही वर्षांनी केंकरे एफसीने परत आणले, कूपरेजवरच. २०२२-२३ च्या अखेरीस केंकरेही खाली गेला.