निजामशाहीचे बंदर आणि मोसमी वारे

अहमदनगरच्या निजामशाहीचा इतिहास आपण बहुधा भुईकोट किल्ला, चांदबिबी आणि मलिक अंबर यांच्याभोवती सांगतो. समुद्र त्यात तोंडी लावण्यापुरता येतो. ही मांडणी मला अपुरी वाटते. मलिक अहमद १४९० मध्ये स्वतंत्र झाला, १४९४ मध्ये त्याने सीनेकाठी राजधानी वसवली, पण या राज्याचे खरे नाक होते २०० किलोमीटरवरचे चौल, आणि चौल कधी उघडायचे, कधी मिटायचे हे वारे ठरवत. दक्षिण गोलार्धातले आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या परिवलनामुळे वळतात, सोमालियाच्या किनाऱ्यालगत जोर धरतात आणि नैऋत्येकडून कोकणावर येतात. मोकळ्या समुद्रावर वारा असा दिवसेंदिवस एकाच बाजूने लोटत राहिला की लाटा उंच होत जातात आणि चौलजवळ कुंडलिका नदीच्या मुखापाशी उथळ पाण्यात फुटतात. भर पावसाळ्यात शिडाचे जहाज त्यांतून आत आणणे जिवावरचेच काम. तोच वारा सह्याद्री चढताना अकोले तालुक्यात घाटघरला धो धो कोसळतो आणि नगरपर्यंत येताना रिता होतो. शहराला वर्षाकाठी ६०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस मिळतो.

राज्य तर शेतसाऱ्यावर चालत होते, बंदराचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. सारा महत्त्वाचा होताच. पण या पठारावरची लढाई घोडदळाची, आणि उंची घोडा येई इराण-अरबस्तानातून, समुद्रावरून. निजामशाहीच्या थोडे आधी, बहमनी काळात, अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन होर्मुझहून चौलला उतरला. तिथून तो जुन्नरला गेला आणि पावसाळा त्याला तिथेच काढावा लागला. घोडा, व्यापारी, भाडोत्री सैनिक, सगळ्यांचे वेळापत्रक असे वाऱ्याशी बांधलेले होते.

याची खरी परीक्षा १५७०-७१ मध्ये झाली. विजापूरच्या अली आदिलशहाने गोव्याला वेढा घातला, त्याच सुमारास मुर्तजा निजामशहा चौलच्या पोर्तुगीज ठाण्यावर चालून गेला. फौज मोठी असूनही ठाणे पडले नाही. इतिहासकार फिरिश्ता याचा दोष फितूर सरदारांना देतो. पोर्तुगीज तोफांचे श्रेय मानणारेही आहेत. दोन्ही कारणे खरी असतील, पण तेवढ्याने भागत नाही. हिवाळा-उन्हाळ्यात समुद्र खुला असताना आतल्यांना जहाजांनी कुमक मिळत राहिली आणि नगरकडे ती तोडण्याजोगे आरमार नव्हते. पावसाळ्यात ती वाट बिकट होते, हे वेढा घालणाऱ्यांच्या पथ्यावरच पडायला हवे होते. मात्र तोच पाऊस उघड्यावरच्या छावणीवर, ओल्या दारूवर आणि घाटातून येणाऱ्या रसदेवर पडणार होता. म्हणजे वारा दोन्ही ऋतूंत तटाआडच्यांना अधिक सोयीचा. जूनच्या अखेरीस झालेला मोठा हल्ला फसला आणि जुलैत तह झाला. फितुरी हे मुख्य कारण मानले तरी, महिनोन्महिने चाललेल्या वेढ्यात फितुरीला वेळ मिळाला तो कशामुळे, हा प्रश्न उरतोच.

नगर दरबाराला ही अडचण उमगली असावी. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाच्या काळात कुंडलिकेच्या पैल काठावर कोर्लईच्या टेकडीची तटबंदी झाली, म्हणजे खाडीचे तोंडच तोफांच्या माऱ्यात आले. जहाजांची वाट जमिनीवरून रोखायची ही युक्ती नामी होती, आणि पोर्तुगिजांनाही तिचा धोका कळला. पाऊस ओसरू लागण्याच्या दिवसांत, सप्टेंबर १५९४ मध्ये, त्यांनी कोर्लई जिंकून घेतली.